मत आमचं, पक्ष कुणाचा?



१३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचं मतदान आहे. आचारसंहिता लागली तेव्हापासून आमच्या वाडीवर तीन गाड्या येऊन गेल्या. एरवी वाट खराब म्हणून आजाऱ्याला न्यायला गाडी वर येत नाही, झोळी करून खाली आणावं लागतं. या गाड्या मात्र भर पावसात चढल्या. तिन्ही गाड्या वेगवेगळ्या पक्षांच्या, पण तिघांचा पहिला सवाल एकच : "वाडीत मतं किती?" दाव्यांचं काय झालं, पाणी कुठून आणता, पोरं शाळेत जातात का, हे कुणी विचारलं नाही. एकाने तर सरळ सांगितलं, "तुमच्या संघटनेचा फलक आमच्या सभेत लावा, पुढचं आम्ही बघून घेतो."

यावरून नेऱ्याच्या बैठकीत मोठं भांडण झालं. भांडणच म्हणायचं, चर्चा नाही. काही म्हणाले, सगळे पक्ष शेठ लोकांचे, मतदानावर बहिष्कार टाका. काही म्हणाले, कुणीतरी बोरिंग देतोय ना, मग घ्या आणि त्याला मत द्या, उपाशी पोटाने तत्त्व कशाला. आणि एक म्हातारी बाई उठून म्हणाली, "आपला मानूस उभा करा." त्या रात्री काही ठरलं नाही. तेव्हा आम्हाला काय वाटतं ते इथे लिहितो. पटलं तर वाडीत वाचून दाखवा, नाही पटलं तर पुढच्या बैठकीत तोंडावर सांगा.

पक्ष गरिबांचे की पैसेवाल्यांचे, हे भाषणावरून कळत नाही. भाषणात सगळेच गरिबांचे. कळतं ते दुसऱ्या गोष्टीवरून : कुणाच्या कामाला किती वेळ लागतो. दोन कायदे शेजारी ठेवून बघू.

पहिला सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा. हा मे २००५ मध्ये संसदेत आला आणि त्याच महिन्यात दोन्ही सभागृहांत पास झाला. जूनमध्ये राष्ट्रपतींची सही, फेब्रुवारी २००६ मध्ये अंमल सुरू. तेव्हा कंपन्यांना पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर आयकर पूर्ण माफ होता, पुढची पाच वर्षं अर्धा माफ. एवढ्या मोठ्या कायद्यावर ना फार वाद झाला, ना कुणी सभागृह बंद पाडलं.

दुसरा आपला, वनहक्काचा. तो १३ डिसेंबर २००५ ला लोकसभेत मांडला गेला. मग संयुक्त समितीकडे गेला. लोकसभेत पास झाला १५ डिसेंबर २००६ ला, राज्यसभेत १८ डिसेंबरला. पुढे नियम करायलाच वर्ष गेलं. नियम आले १ जानेवारी २००८ ला, आणि नियम नाहीत तोवर दावे भरता येत नव्हते. म्हणजे शेठच्या कायद्याला महिना पुरला नाही असं झालं नाही, आणि आपल्याला दोन वर्षंही कमी पडली. संसद तीच, खासदार तेच, पक्षही तेच.

आता कुणी म्हणेल, हे त्या एका सरकारचं झालं. मग त्याआधीचं सरकार आठवा. ३ मे २००२ ला केंद्राच्या पर्यावरण आणि वन खात्याने पत्र काढलं की वनजमिनीवरची सगळी अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. कित्येक राज्यांत झोपड्या मोडल्या, उभी पिकं उपटली, हत्तीही आणले. पावणेदोन वर्षांनी त्याच खात्याने, त्याच सरकारने ५ फेब्रुवारी २००४ ला उलटं पत्र काढलं की आदिवासींचे हक्क मान्य करा. मधे काय बदललं होतं? दोन महिन्यांवर लोकसभेची निवडणूक आली होती. ते पत्र सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात थांबवलं. कायदा न करता नुसत्या पत्रावर आदिवासींची मतं मिळतील असा हिशोब होता, तो तिथेच अडकला.

राज्यातही तेच. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. १९९५ च्या प्रचारात प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. निवडून आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. पण जानेवारी १९९६ उजाडेपर्यंत नवा करार ठरला, प्रकल्प आणखी मोठा झाला. ज्यांनी आणला ते वेगळे, ज्यांनी बुडवायचं म्हटलं ते वेगळे, आणि दोघांनीही शेवटी कंपनीशी जुळवून घेतलं. लाल बावट्याचाही हिशोब ठेवला पाहिजे. वनहक्काच्या कायद्यासाठी दिल्लीत डाव्या पक्षांनी जोर लावला, हे आम्ही विसरणार नाही. पण त्यांच्याच बंगालमध्ये १४ मार्च २००७ ला नंदीग्रामला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, १४ माणसं मेली. जमीन कशासाठी हवी होती? सेझसाठीच.

आता पैशाचं बोलू. २००९ मध्ये विधानसभेला उमेदवाराने १० लाखांपर्यंत खर्च करायचा अशी मर्यादा होती. आपल्याला १० लाख म्हणजे डोंगर वाटतो, पण पनवेलमध्ये नुसते झेंडे, गाड्या आणि जेवणावळी बघितल्या तर शेंबडं पोरही सांगेल की हा खर्च तेवढ्यात बसत नाही. यात मेख अशी की मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्ष कितीही खर्च करू शकतो. आणि पक्षाला मिळालेली देणगी २० हजारांपर्यंतची असली, तर देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागत नाही. एक मोठी रक्कम छोट्या छोट्या पावत्यांत फोडली तर कोण शोधणार? रेशनच्या पाच किलो तांदळासाठी आपल्याकडून कार्ड, दाखला, अंगठा सगळं घेतात. करोडो रुपये घेणाऱ्याला मात्र देणाऱ्याचं नाव विचारायचं नाही.

आणि देणारा धर्म म्हणून देतो असं समजू नका. इथले बिल्डर, खडीवाले, रेतीवाले, फार्महाऊसवाले एकाच पक्षाला देत नाहीत. जो येईल त्याला द्यायचं, म्हणजे निकाल काहीही लागो, दार उघडंच. आपण मात्र एका दिवशी एका चिन्हावर बटन दाबतो आणि पाच वर्षं वाट बघतो. २००९ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेत निम्म्याहून जास्त खासदार करोडपती होते, हे त्यांनीच लिहून दिलेल्या प्रतिज्ञापत्रांवरून दिसतं. दुसरीकडे सरकारनेच नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००७ मध्ये सांगितलं की देशातली शंभरातली ७७ माणसं दिवसाला २० रुपयांच्या आत गुजराण करतात. त्या ७७ मधले किती त्या सभागृहात बसलेत?

हे ऐकलं की पोरं म्हणतात, मग सगळं खोटंच आहे, जायचं कशाला मत द्यायला? थांबा. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटही घडलेलं आहे.

२५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना असते. सगळ्या पक्षांचे पुढारी हार घेऊन येतात. १९३० साली अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. आपला माणूस. जंगल तोडायचा हक्क मागायला आगरी, कोळी, कातकरी एकत्र गेले होते. २००९ मध्ये त्याला ७९ वर्षं झाली. नाग्याच्या नावाने हार घालणाऱ्यांना आम्ही इतकंच विचारतो की त्याच्या जातभाईंच्या दळीच्या जमिनीचे दावे प्रांताच्या कचेरीत पडून आहेत, ते कधी काढता?

त्यानंतर तीन वर्षांनी, अलिबागकडे चरी गावात कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढे होते. १९३३ ते १९३९, सहा वर्षं खोताच्या जमिनी पेरल्या नाहीत. पोटाला चिमटा घेऊन, रानातली लाकडं विकून दिवस काढले, पण मागे हटले नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या कुळांची बाजू घेतली. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ ला खोती बंद करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कोकणी शेतकरी बोटीने, पायी मुंबईला कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला. पण कुळांनी आधी संप केला आणि मग त्यांचा आवाज सभागृहात गेला, हा क्रम ध्यानात घ्या. पक्ष आधी आणि लोक मागून, असं तिथे नव्हतं.

सिडकोच्या वेळी जासईला तेच. दि. बा. पाटील आणि शेतकरी कामगार पक्ष लोकांबरोबर रस्त्यावर होते. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. पक्ष लोकांचा असू शकतो याचा याहून मोठा पुरावा आपल्या तालुक्याजवळ नाही. पण इथेही आम्हाला एक बोलायचंय, राग येऊ देऊ नका. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली ती सातबारा असणाऱ्याला. त्याच शेतात लावणी करणारा, त्याच मिठागरात राबणारा कातकरी सातबाऱ्यावर नव्हता. मोर्चात होता, मोबदल्याच्या यादीत नव्हता. म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष खरा असला, तरी ज्याच्या नावावर शेतच नाही त्याचा तो आपोआप होत नाही. हे आपल्याला पुढेही कामाला येईल, कारण भांडण फक्त शेठशी नाही. मधे आणखी पायऱ्या आहेत.

अलीकडचं उदाहरण महामुंबई सेझचं. रिलायन्ससाठी उरण, पेण, पनवेलमधली ४५ गावं. इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याने जमीन घ्यायला निघाले. एन. डी. पाटलांसारखी वयस्कर माणसं गावोगाव फिरली, बायका मोर्च्यात पुढे आल्या. शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न, आणि लोकांनी नाही म्हटलं. २००९ मध्ये भूसंपादनाची मुदतही संपली. ज्या सरकारने कंपनीसाठी नोटिसा काढल्या त्याच सरकारला मतपेट्या ठेवाव्या लागल्या. त्यांचं मन बदललं म्हणून नव्हे. लोक घरी बसले नाहीत म्हणून.

आपला वनहक्काचा कायदाही मूळ मसुद्यात असा नव्हता. आधी २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचीच वहिवाट धरणार होते. जास्तीत जास्त अडीच हेक्टर देणार होते. देशभरच्या संघटनांनी मोर्चे काढले, दिल्लीत धरणं धरली, तेव्हा तारीख १३ डिसेंबर २००५ झाली आणि चार हेक्टरपर्यंत हद्द गेली. पक्षाने दिलं असं म्हणायचं तर म्हणा. आम्ही म्हणतो, काढून घेतलं.

तेव्हा आमचं मत असं बनलंय : पक्ष जन्माने ना गरिबाचा असतो ना शेठचा. जो त्याला मतदानानंतरच्या पाच वर्षांत भेटतो, अडवतो, जाब विचारतो, त्याचा तो होतो. शेठ रोज भेटतो. आपण पाच वर्षांतून एकदा, तेही तो आला तर.

आणि आपली गाठ पडूच नये अशी व्यवस्थाही आहे. ती नीट समजून घेतली पाहिजे. लोकसभेला आपल्याला आता मावळ मतदारसंघात घातलंय. पनवेल, कर्जत, उरण एका बाजूला आणि घाट चढून मावळ, चिंचवड, पिंपरी दुसऱ्या बाजूला. कारखान्यांच्या त्या लाखो मतांत आमच्या वाडीची साठ-सत्तर मतं कुठे दिसणार? राज्यात विधानसभेच्या २५ जागा आदिवासींना राखीव आहेत, रायगडमध्ये एकही नाही. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून १९९६ चा पेसा कायदा लागू नाही. त्यामुळे ग्रामसभा भरते ती गट ग्रामपंचायतीच्या मोठ्या गावात आणि वाडीचे लोक तिथे भिंतीला टेकून बसतात. वनहक्क समितीत कोण असावं हेही मोठं गाव ठरवतं. ज्याच्या फार्महाऊसला आपली दळी खेटून आहे, त्याचा माणूस आपला दावा तपासायला बसला तर न्याय कसा मिळणार?

राखीव जागा असती तरी सगळं सुटलं असतं असं नाही, हे त्या म्हातारीला सांगितलं पाहिजे. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षाने व्हिप काढला की आमदाराला तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर पद जातं. म्हणजे आपला माणूस आत गेला तरी हात पक्षाच्या दोरीला बांधलेला.

वीटभट्टीचं तर विचारूच नका. लोकसभेचं मतदान एप्रिलमध्ये झालं. एप्रिलमध्ये आमची वाडी रिकामी. दिवाळीनंतर उचल घेऊन सगळे भट्टीवर, पावसाच्या तोंडाला परत. मतदानाला यायचं तर मालकाने सोडायला हवं, एसटीचं भाडं हवं, दिवसाची मजुरी बुडणार. आमच्या वाडीतले तिघेच आले. ज्या दोन कुटुंबांना मालकाने स्वतः गाडीने आणलं, त्यांना कुणाला मत द्यायचं तेही गाडीतच सांगितलं. ऑक्टोबरमध्ये लोक घरी असतात, म्हणून तीन गाड्या आल्या. विटा थापतानाच्या एप्रिलमध्ये एकही आली नव्हती. इथून देहरंग धरणाचं पाणी पनवेल शहराला जातं आणि धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन उतरतात. शहरात मतं बारा महिने असतात, वाडीत पावसाळ्यापुरती. बाकीचा हिशोब तुम्हीच करा.

आता आपल्या स्वतःच्या घरातलं. मागच्या निवडणुकीला एका वाडीत रात्री कोंबडी आणि बाटल्या उतरल्या. घेणारे आपलेच होते, संघटनेची पावती फाडलेलेही होते. सकाळी बायकांनी त्यांना झाडूने बडवलं ते बरंच झालं, पण मतं गेली ती गेलीच. आणि आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने एका पक्षाकडून सरपंचकीचा शब्द घेतला होता, हेही लपवत नाही. तो आता संघटनेत नाही. शेठला शिव्या देणं सोपं आहे. शंभर रुपयाला जे विकलं जातं त्याचा भाव शेठने ठरवला की आपण, हा प्रश्न वाडीत बसून सोडवायला पाहिजे.

बहिष्काराचं म्हणाल तर आम्हाला ते पटत नाही. आपण नाही गेलो तर शेठला एक पैसा कमी खर्च होईल, एवढंच. कुणी म्हणतं ४९-ओ करा. केंद्रावर जायचं, अंगठा करायचा आणि मत देत नाही म्हणून नोंद करायची. पण २००९ मध्ये ती नोंद सगळ्यांसमोर होत असे. पक्षांचे एजंट तिथेच बसलेले असतात. कोणी नकार दिला ते संध्याकाळपर्यंत भट्टीमालकाला कळेल. गुप्त मतदान हे गरिबाच्या हातातलं एकच झाकण आहे, ते आपणच काढून टाकू नये.

म्हणून आमची सूचना अशी आहे. संघटनेचा फलक कुणाच्याही सभेत लावायचा नाही, बोरिंगच्या बदल्यातही नाही. बोरिंग हा पंचायतीचा हक्क आहे, मतांचा मोबदला नव्हे. ज्याने त्याने आपल्या अकलेने मत द्यावं. पण त्याआधी पनवेल मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना नेऱ्याला एकाच मांडवात बोलवायचं. त्यांचं भाषण ऐकायचं नाही, आपणच तीन गोष्टी विचारायच्या. पडून राहिलेले दावे प्रांताकडे कोण, कधी घेऊन जाणार? वाडीची वेगळी ग्रामसभा भरावी म्हणून विधानसभेत बोलणार का? आणि निवडणुकीचा पैसा कुणाकडून आला, हे याच मांडवात सांगणार का? तिसऱ्या प्रश्नाला कुणी खरं उत्तर देईल अशी आशा नाही. पण उत्तर देताना तोंड कसं होतं, ते बघायला तरी मिळेल.

जो येईल त्याने उत्तर कागदावर लिहून सही करायची. निकाल २२ तारखेला आहे. दिवाळी झाली की लोक भट्टीवर जातील. त्यामुळे निवडून येईल त्याच्याकडे तो कागद घेऊन जायचं ते लोक निघायच्या आधीच. पाच वर्षांनी नाही, पंधरा दिवसांनी. आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. भट्टीवर गेलेल्यांच्या वतीने मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि बायांनी जायचं. भाड्याचे पैसे वर्गणीतून काढू. पुरले नाहीत तर चालत जाऊ, पनवेल काही मुंबईएवढं लांब नाही.

मांडवाच्या परवानगीचा अर्ज दिला आहे. एका उमेदवाराचा होकार आलाय, दोघांच्या माणसांनी "बघतो, साहेबांना विचारतो" असं सांगितलंय. तारीख पक्की झाली की वाडीवाडीत निरोप येईल. येताना दाव्याची पोचपावती सोबत आणा. ज्यांना पोच मिळालीच नाही, त्यांनी कुठल्या दिवशी आणि कुणाच्या हातात दावा दिला ते आठवून या. आम्ही तिथेच लिहून घेऊ.